समुद्रकिनारी नारायण पेठ

मुंबईचा नातेवाईक पुण्यात मुक्कामाला आला की पहिला दिवस बरा जातो. हवेचं कौतुक होतं, बाकरवडीची वाटी दोनदा रिकामी होते, रिक्षावाल्यांविषयी जे काही बोलायचं ते बोलून होतं. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झालं की पाहुणा भिंतीला टेकतो, तोंडात सुपारी टाकतो आणि म्हणतो, "बाकी सगळं आहे रे तुमच्याकडे. समुद्र तेवढा नाही."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. सूर असा, की वाटण्यांच्या वेळी समुद्र आमच्याच नावावर निघाला होता, पण आमचे आजोबा दुपारचे झोपले होते म्हणून तो मुंबईला देऊन टाकला.

यात सगळ्यात आघाडीवर माझा आतेभाऊ. मूळचा गिरगावातला. चाळीतली दीड खोली विकून बोरिवलीला गेला त्याला जमाना झाला, पण स्वतःची ओळख तो अजून 'चौपाटीवरचा' अशी करून देतो. त्यामुळे नवख्या माणसाला तो भेळवाला वाटतो. नोकरीत असताना रोज लोकलने चर्चगेटला जायचा. चर्नी रोड सुटलं की मरीन लाइन्सपर्यंत उजवीकडच्या खिडकीतून समुद्र दिसतो. पण याचा पत्त्यांचा ग्रुप कायम डावीकडे बसायचा.

"म्हणजे तू समुद्र बघितलास तरी कधी?" मी एकदा विचारलं.

"का? अनंत चतुर्दशीला!"

"आणि एरवी?"

"एरवी कशाला बघायला पाहिजे? असतो ना तो तिथे!"

या 'असतो ना'पुढे माणूस काय बोलणार? पण सदतीस पिढ्यांचा अपमान मुकाट गिळायचा तर पेठेत राहायचं कशाला? मी अभ्यासाला लागलो आणि अशा निष्कर्षाला आलो, की आमची नारायण पेठ ही मुळात समुद्रकिनाऱ्यावरचीच वस्ती आहे. समुद्र तेवढा मागे राहिला.

पुरावा भक्कम आहे. बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनचे. घरातून बाहेर पडलं की समुद्र. ते १७१३ साली पेशवे झाले आणि हळूहळू अर्ध्या कोकणाला घाटावर आपला कोणीतरी आहे हे आठवू लागलं. १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, तोवर घाट चढून येणाऱ्यांची रीघ लागली होती. येताना मंडळींनी आमसुलं आणली, फणसपोळी आणली, नाकातून बोलणं आणलं आणि भाऊबंदकी तर डोक्यावरून आणली. समुद्र बैलावर लादता येईना, म्हणून तो तिथेच राहिला.

आजही आमच्या इमारतीत कोणाचंही दार वाजवून 'मूळचे कुठले' असं विचारून बघा. गुहागर, हर्णै, वेळणेश्वर, मुरूड, आंजर्ले. एकाचंही मूळ गाव कोरडं नाही. त्यातले तिसऱ्या मजल्यावरचे काका तर गुहागरविषयी बोलताना डोळे मिटतात. तिथे ते आयुष्यात एकदाच मुक्कामाला राहिले आणि डासांमुळे पहाटे चारला निघून आले, हे काकू स्वयंपाकघरातून सांगतात. आतेभावाला मी हे सगळं ऐकवलं आणि वर म्हणालो, "आमच्याकडे समुद्र नाही असं म्हणू नकोस. आम्ही तो सोडून आलोय. नसणं वेगळं आणि सोडणं वेगळं."

"बरं, निदान नदी तरी समुद्राला मिळते ना तुमची?" त्याने विचारलं.

मिळते. पण मुठा पडली पुण्याची. तिचा उगम सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. एखादी साधीसुधी नदी उड्या मारत खाली गेली असती. मुठेने कोकणाकडे पाठ केली. पुण्यात येऊन संगमावर मुळेला बरोबर घेतलं, पुढे भीमेत शिरली, उजनीला टेकली, पंढरपूरला पाया पडली, कर्नाटकाच्या टोकाशी कृष्णेला मिळाली आणि हजारावर किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागरात उतरली. समोरचं वाण्याचं दुकान सोडून दोन चौक लांबून पोहे आणणारी माणसं आमच्या पेठेत आहेत. कारण विचारलं तर "त्याच्याशी आमचं बोलणं नाही" म्हणतात. मुठेचं आणि अरबी समुद्राचं कधी, कशावरून बिनसलं, हे सांगणारं मात्र आता कोणी उरलेलं नाही.

किनारपट्टीच्या इतर खुणाही शोधल्या तर सापडतात. मासळीचंच घ्या. बाजार गणेश पेठेत, खाणारे गुपचूप सगळ्याच पेठांत. आमच्याकडे मासे आणायला खास कापडी पिशवी असते आणि तिच्यावर पालकाची जुडी पसरण्याची पद्धत आहे. परवा लिफ्टमध्ये असेच एक गृहस्थ भेटले. चेअरमनही होते.

"काय, कोलंबी वाटतं?" चेअरमननी विचारलं.

"छे हो! पालक आहे."

चेअरमन पिशवीकडे बराच वेळ बघत राहिले. "पालकाला मिशा फुटल्यात," एवढंच म्हणाले आणि उतरले. संध्याकाळी एक वाटी त्यांच्याकडे गेली, हे जिन्यात सगळ्यांना नाकाने कळलं.

पण ही झाली किरकोळ साक्ष. पेठेचा खरा दर्यावर्दी बाणा बघायचा तर जुलैत यावं. एरवी आम्ही नदीकडे ढुंकून बघत नाही. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो, आणि जलपर्णीकडे बघून 'काय छान हिरवळ आहे' म्हणणाऱ्या पाहुण्याची चूक दुरुस्त करत नाही. पण पाऊस लागला, खडकवासल्याचे दरवाजे उघडले, की पेठेची कळाच बदलते. सकाळी भेटलेला माणूस 'चहा झाला का' असं विचारत नाही. "किती सोडलंय?" असं विचारतो. उत्तर क्युसेकमध्ये द्यायचं असतं.

"अठरा हजार."

"छे. आवाजावरून सांगतो, बावीस आहे."

आवाजावरून सांगणाऱ्यांचा कान कसा तयार होतो ते मला ठाऊक नाही. हेच काका दाराची बेल ऐकू येत नाही म्हणून कुरियरवाल्याला तीनदा परत पाठवतात. पण पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांचा साठा त्यांना दशांश चिन्हापर्यंत पाठ असतो. चारींची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी. हा आकडा आमच्या पेठेत मुलांना पावकीच्या आधी शिकवतात. टेमघरची गळती निघाली तेव्हा ती कुठून आणि कशी बुजवावी, यावर जिन्यात रात्री अकरापर्यंत परिसंवाद झाला. नुसत्या ग्राउटिंगने भागेल की आणखी काही करावं लागेल, यावर दोन तट पडले. त्याच वेळी आमच्या गच्चीतून पाणी ठिबकून चौथ्या मजल्याच्या छताला पोपडे येत होते. तो विषय कोणी काढला तर "ते सर्वसाधारण सभेत बघू" असं ठरायचं.

क्युसेकचा आकडा पुरेसा फुगला की पुढचा प्रश्न : "भिडे पूल गेला का?" हा पूल इतका ठेंगणा आहे की पाण्याखाली जाणं हाच त्याचा मुख्य व्यवसाय असावा, फावल्या वेळात त्यावरून वाहनं जातात. तो बुडाल्याशिवाय पुण्यात पावसाळा लागला असं कोणी मानत नाही. दरवर्षी वर्तमानपत्रात त्याचा बुडालेला फोटो येतो आणि दरवर्षी आम्ही तो पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघतो. मग छत्र्या घेऊन काठावर. भाजलेल्या कणसाचा धूर, लहान मुलं खांद्यावर, म्हाताऱ्यांना पुढची जागा. पोलीस शिट्टी वाजवून "मागे व्हा, मागे व्हा" करतो. त्यावर पुढच्या रांगेतून ठरलेलं उत्तर येतं, "अहो, आम्ही इथलेच आहोत." पुराचं पाणी स्थानिकांना ओलं करत नाही, अशी आमची समजूत आहे.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर. २०२४ च्या जुलैत विसर्ग पस्तीस हजारांच्या वर गेला, तेव्हा मी बसून हिशेब केला : सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर पाणी आमच्या पेठेला खेटून चाललं होतं. हा हिशेब ज्याला त्याला सांगत मी घरी आलो आणि हात धुवायला नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला. चेअरमनना फोन केला.

"पंपात पाणी शिरलंय," ते म्हणाले. "पाणी फार आल्यामुळे आज पाणी येणार नाही."

दुपारी टँकर आला. पाच पावलांवर महापूर आणि आम्ही बादल्या घेऊन रांगेत. रांगेतही चर्चा एकच : टँकरमध्ये किती क्युसेक मावतं.

पण नुसते आकडे पाठ असून आमच्याकडे मान मिळत नाही. मान पानशेतवरून ठरतो. १२ जुलै १९६१ ला बांधकाम सुरू असलेलं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि मुठा पेठांत शिरली. वाडेच्या वाडे बसले. कितीतरी कुटुंबं गोखलेनगरच्या बाजूला गेली ती परत आलीच नाहीत. आमच्या तळमजल्यावरच्या आजींनी ते सगळं बघितलेलं आहे. त्यांना विचारलं तर त्या "गाळ फार होता हो" एवढंच म्हणतात आणि परत मेथी निवडायला लागतात. तपशीलवार पूर आठवतो तो १९६८ साली जन्मलेल्या काकांना. पाण्याचा रंग, वास, वाहत आलेली कपाटं, एका कपाटात तशीच राहिलेली कपबशी, हे सगळं ते सांगतात. ऐकताना आजी मध्येच मान वर करून विचारतात, "तू कुठे होतास रे तेव्हा?"

"मी नव्हतो, पण आठवतं ना!"

मग येते खूण. 'पाणी इथपर्यंत आलं होतं.' माझ्या लहानपणी ही खूण वाड्याच्या पहिल्या पायरीच्या थोडी वर दाखवत. कॉलेजात गेलो तेव्हा ती खिडकीला टेकली. पुढे वाडा पाडला, खुणेची भिंतही त्यात गेली आणि पुराला मोकळं रान मिळालं. सध्या पाणी दुसऱ्या मजल्याच्या लिफ्टच्या बटणापर्यंत आलेलं आहे. साठ वर्षं उलटल्यावरही चढतच चाललेला दुसरा पूर माझ्या ऐकिवात नाही.

एवढा ऐवज पाठीशी असल्यावर आतेभावाला एकदा प्रत्यक्षच दाखवावं असं मी ठरवलं. मुक्काम जुलैचा साधला. सकाळी सहाला काकांनी बेल वाजवली, "गेला! भिडे पूल गेला!" मी रेनकोट चढवला. आतेभावाचा चहा झाला. मग दुसरा चहा. मग "पावसात भज्यांशिवाय काय मजा" झालं. मग आंघोळ, कारण पारोसं समुद्राला जायचं नसतं म्हणे. आम्ही नदीवर पोचलो तेव्हा विसर्ग कमी झाला होता. पूल उघडा पडून ऊन खात होता. दोन कामगार त्याच्यावरचा गाळ ओढत होते आणि एक कुत्रं शांतपणे डेक्कनकडे निघालं होतं.

"हा तुमचा समुद्र?"

"ओहोटी आहे," मी म्हणालो.

पण हार मानायला मी काही पिंपरीचा नाही. "चल, आमचा मरीन ड्राइव्ह दाखवतो," म्हणून त्याला झेड ब्रिजवर नेलं. आकार इंग्रजी झेडसारखा म्हणून नाव झेड. संध्याकाळी इथे कठड्याला लागून दुचाक्यांची रांग लागते. प्रत्येक दुचाकीवर एक जोडपं, आणि प्रत्येक जोडप्याला आपण अख्ख्या पुण्यात एकटेच आहोत असं वाटत असतं. त्या रांगेत रेनकोट घातलेले आम्ही दोन साठीचे गृहस्थ. टेकायला जागा नाही. एका खांबाशी जरा थांबलो, तर मागून आवाज आला, "काका, प्लीज, तुम्ही आमच्या व्ह्यूमध्ये आलात."

मी वळून बघितलं. व्ह्यूमध्ये मेट्रोचा खांब होता, खाली गढूळ पाणी होतं आणि एका झुडपाला अडकलेली प्लॅस्टिकची खुर्ची. प्रेम आंधळं असतं ते बरंच असतं. आम्ही पुढे सरकलो. पुढच्यांच्याही व्ह्यूमध्ये आलो. असं करत करत पुलाच्या मध्यावर पोचलो, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि आतेभावाची छत्री उलटी होऊन हातातून निसटली ती थेट नदीत.

"गेली समुद्रात!" तो हळहळला.

"बंगालच्या उपसागरात," मी म्हणालो. "पंढरपूर करून जाईल."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. छत्रीचं दुःख होतंच, पण चूक दुरुस्त केल्याचं जास्त. मुंबईच्या माणसाला हे समजत नाही, की दुरुस्ती हा आमच्याकडे सांत्वनाचाच प्रकार आहे.

आता कोणी म्हणेल, खरा समुद्र बघायला तुम्ही जातच नाही का? जातो. वर्षातून एकदा कुलदैवतासाठी अख्खी इमारत मिनीबस करून ताम्हिणी घाटातून हरिहरेश्वरला उतरते. पेशव्यांचंही तेच कुलदैवत, त्यामुळे बसमध्ये आपण लवाजम्यासह चाललो आहोत अशी हवा असते. घाटात निम्म्या लवाजम्याला उलट्या होतात. किनाऱ्यावर पोचल्यावर सतरंजी अंथरतात आणि सगळे समुद्राकडे पाठ करून, बसकडे तोंड करून बसतात, कारण डबे बसमध्ये असतात. मग समुद्राची तपासणी. वाळू फार आहे. पाणी उगाच खारट आहे. कडेला नीट सावली ठेवायला काय झालं होतं?

गेल्या खेपेला आम्ही भर दुपारी उतरलो. पाणी लांब कुठेतरी चमकत होतं आणि मध्ये नुसती चिखलट वाळू. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू घरगुती खानावळीच्या मालकाकडे गेल्या आणि सरळ विचारलं, "समुद्र किती वाजता असतो हो?"

मालकाला असल्या प्रश्नांची सवय असावी. हातातला नारळ सोलता सोलता तो म्हणाला, "आता आत गेलाय. संध्याकाळी साडेपाचनंतर या."

सतरंजीवर एकदम शांतता पसरली. दुपारी आत जाऊन पडणारा आणि गिऱ्हाईक दारात उभं असूनही वेळेआधी बाहेर न येणारा! "म्हणजे हा आपल्यातलाच," चेअरमन हळूच म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या मंडळींनी समुद्राकडे तोंड करून चहा घेतला.

इमारतीच्या नावाचा घोळही या समुद्रापायीच झालेला. वाडा पाडून इमारत उभी राहिली तेव्हा बिल्डरने छापील पत्रकावर 'रिव्हर व्ह्यू' असं नाव टाकलं होतं. इंग्रजी नाव म्हणून ते पहिल्याच सभेत पडलं. मग गुहागरवाल्यांनी 'व्याडेश्वर' सुचवलं. वेळणेश्वरवाल्यांनी ते नाव संकुचित असल्याचं सांगून 'वेळणेश्वर' सुचवलं. हर्णैवाले म्हणाले, बंदर आमचं, मग नाव तुमचं का? आवाज चढले. शेवटी कोपऱ्यात बसलेले, लातूरहून येऊन इथे फ्लॅट घेतलेले एक सभासद उभे राहिले. "काय लावलंय तुम्ही?" ते म्हणाले. "२०१६ ला आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिरजेहून! आणि तुम्ही नसलेल्या समुद्रावरून भांडताय व्हय?"

सभा अर्धा मिनिट गप्प झाली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग मागून कोणीतरी विचारलं, "रेल्वेने साधारण किती टीएमसी आलं असेल?"

ते गृहस्थ खाली बसले आणि त्यानंतर कुठल्याच सभेला उठले नाहीत. नाव मात्र त्याच रात्री ठरलं : 'सागरदर्शन सहकारी गृहरचना संस्था, नारायण पेठ, पुणे ३०'. आतेभावाने पत्रावर हे लिहिताना प्रत्येक वेळी 'सागर'च्या पुढे छोटं प्रश्नचिन्ह टाकलं. पोस्टमनने ते कधी मनावर घेतलं नाही.

सागराचं सोडा, आमच्या इमारतीतून नदीसुद्धा दिसत नाही. सगळीकडून इमारती इतक्या दाटल्या आहेत की समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो आणि आमचा गॅस ते बंद करायला सांगतात. अपवाद फक्त एक : चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीघराची खिडकी. गीझरच्या बाजूला, उलट्या बादलीवर उभं राहून डावीकडे मान काढली, की दोन इमारतींच्या फटीतून हातभर मुठा दिसते. ही बातमी फुटली आणि जुलैत काकूंच्या दाराशी रांग लागू लागली. पहिल्या वर्षी त्यांनी सगळ्यांना चहा दिला. दुसऱ्या वर्षी नुसतं पाणी. गेल्या वर्षी पानशेतचे जाणकार काका बादलीवर उभे राहून रांगेतल्या बाकीच्यांना क्युसेक सांगत असताना बादली कलंडली आणि ते शॉवरला धरून खाली आले. शॉवर गेला. काका वाचले, पडता पडताही "चोवीस हजार!" म्हणाले.

यंदा विसर्ग सुरू झाल्याचं कळताच मी जिना चढून गेलो, तर दारावर काकूंच्या सुवाच्य अक्षरात पाटी लागलेली होती : 'नदीदर्शन सकाळी ९ ते ११. बादली स्वतःची आणावी. आत कोणी आंघोळीला असल्यास पूर दिसणार नाही, कडी वाजवू नये.'